रंभाबाईचा लेहमधला हिवाळा

रंभाबाई आयुष्यात बल्लारपूरच्या पुढं कधी गेली नाई. तरी लेहच्या थंडीबद्दल कोणाले काही विचारायचं असलं, तर आमच्या पोंभुर्ण्याचे लोक तिच्याकडेच बोट दाखवतात. हसू नका. एक अख्खा हिवाळा त्या बाईनं इथी बसून तिथला काढला, अन् मी तो माह्या डोळ्यानं पाह्यला.

मी मुखरू, शिंपी. बसस्टॉपच्या बाजूले माहं दुकान. माह्या तोंडाले लगाम नाई असं माही बायको म्हणते, अन् ती काही खोटं बोलत नाई. पण रंभाबाईच्या तोंडापुढं मी काहीच नाई बाप्पा! बाजूच्या खेड्यातली ढिवराची बाई. नवरा डोमा तलावात जाळं टाकणार, अन् ही टोपलं डोक्यावर घेऊन बाजाराच्या दिवशी माह्या दुकानापुढच्या कडुनिंबाखाली बसणार. गिऱ्हाइकानं मासोळी उचलून नाकाले लावली, का झालं! "काऊन गा, नवरी पाहून राह्यला का? घ्यायची तर घे, नाई तर ठेव खाली." लोक शिव्या खायचे अन् तिच्याजवळूनच घ्यायचे, कारण तिची मासोळी ताजी राहे.

तिले दोन लेकरं. मोठा निकेश अन् लहान पोरगी दिव्यानी. निकेशसाठी तिच्या मनात एकच गोष्ट होती, पोराले पगाराची नोकरी पाहिजे. तलाव होता तेवढाच, अन् त्यात जाळं टाकणारे हात दरवर्षी वाढत चाललेले. "माह्या पोराच्या वाट्याले नुसता चिखल येईन," असं ती म्हणे. डोमाभाऊ काही बोलत नसे. तो बोलतच नाई कधी, घरात बोलायचं काम बायकोकडे.

शहाण्णव साली निकेश नागपूरच्या भरतीत लागला. डोंगरातले रस्ते बांधायचं सरकारी खातं. नेमणूक कुठी, तर लेह. ते कुठी आहे हे गावात कोणाले ठाऊक नाई. कोणी म्हणे काश्मीरच्या वर, कोणी म्हणे चीनच्या खाली. थंडी राह्यते, एवढं मात्र सगळे सांगत.

रंभाबाई तडक माह्या दुकानात आली. "मुखरूभाऊ, तुह्या पोरीच्या पुस्तकात पाह्य बरं, किती थंडी आहे ते."

माही दामिनी तवा नववीत होती. तिचं भूगोलाचं पुस्तक मशीनवरच पडलं होतं. मागच्या पानावर गावागावांचं दर महिन्याचं सरासरी तापमान दिलेलं, अन् त्यात लेह निघालं. मी वाचलं, "जानेवारी, उणे आठ."

"उणे म्हणजे?"

"शून्याच्याही खाली."

"शून्याच्या खाली काही राह्यते का गा? खिसा रिकामा झाला का झाला. त्याच्या खाली काय?"

"बर्फ," मी म्हटलं. मग मी बाकीचे महिने वाचले. एप्रिल सहा, मे दहा, जुलै सतरा, नोव्हेंबरले शून्य, डिसेंबरले पुन्हा उणे सहा. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात सत्तेचाळीसपर्यंत पारा जाते. सतरा म्हणजे आमची पूस महिन्यातली, ऐन थंडीची सकाळ, अन् तिथी तो भर उन्हाळा!

"अन् हे सरासरी काय?" तिनं विचारलं.

"कमी-जास्त सगळं मिळवून काढलेलं मधलं."

ती बोटांवर महिने मोजत बसली. मग उठली अन् म्हणाली, "बारा महिने एकदम थोडेच अंगावर येतात? एकेक येईन, एकेक जाईन." टोपलं उचललं अन् गेली. मले वाटलं, संपली गोष्ट. कुठची संपते!

दुसऱ्याच आठवड्यात ती निकेशले घेऊन बल्लारपूरले गेली. तिथी बर्फाचा एक कारखाना होता. उरलेल्या मासोळीसाठी ती तिथूनच बर्फ आणे, म्हणून मॅनेजर ओळखीचा. तिनं त्याले सांगितलं, "माह्या पोराले थोडा वेळ लाद्यांच्या खोलीत बसू द्या. सवय करायची आहे." तो माणूस हसून हसून लाल झाला, पण नाई म्हणाला नाई. निकेश आत भुशातल्या लाद्यांवर बसला, अन् ही बाहेर दाराजवळ. मधून मधून ओरडे, "आहेस का रे?" आतून आवाज येई, "आहो!" बाहेर आला तवा पोराचे ओठ जांभळे पडलेले. रंभाबाईनं त्याले चहा पाजला अन् बसमधी सगळ्यायले सांगत आली, "माहा पोरगा बर्फात बसला, अन् रडला नाई." निकेशले मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस-एकवीस वर्षांचा जवान पोट्टा, अन् बसमधी कॉलेजच्या पोरी बसलेल्या!

मी त्याले कांबळ्याच्या कापडाचा अस्तर लावलेला कोट शिवून दिला. तसला कोट मी आयुष्यात पहिल्यांदाच शिवला. बाह्या जरा आखूड झाल्या, पण त्यानं काही म्हटलं नाई. पोळा झाल्यावर पोरगा गेला.

जायच्या आधी ठरलं होतं, का बाजाराच्या दिवशी दुपारी तो विक्कीच्या एसटीडी बूथवर फोन करन. बूथ माह्या दुकानाले लागूनच. सुरुवातीले फोन चांगले आले. डोंगर उघडे आहेत, झाडं नाईत, जेवण बरं आहे, डोझर नावाची मोठी मशीन शिकून राह्यलो. रंभाबाई रिसीव्हर कानाले लावून इतकी जोरात बोले, का फोन नसता तरी लेहले ऐकू गेलं असतं.

दिवाळीच्या नंतर मात्र पोराचा आवाज उतरला. त्या दिवशी मी बूथच्या दारातच उभा होतो. तिकडून तो काय बोलला ते तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. "सहन नाई होत म्हणते," तिनं रिसीव्हरवर हात ठेवून मले सांगितलं. "पळून येतो म्हणते."

मग तिनं डोकं चालवलं. आता इथी तुम्हाले एक गोष्ट सांगावं लागते. आमच्या इकडं थंडीच्या दिवसात पहाटे ढिवर लोक तलावात उतरतात, तवा बाहेरची हवा अंगाले चावते अन् तलावाचं पाणी कोमट लागते. छातीपर्यंत पाण्यात उभा राह्यलेला माणूस मजेत राह्यते, अन् काठावरचाच कुडकुडते. डोमाभाऊ तर काम संपलं तरी पाण्याच्या बाहेर निघत नसे. हे त्यायच्या घरात लहान लेकरालेही ठाऊक.

"बाबू, तिथी पाणी आहे का कुठी?" रंभाबाईनं विचारलं. "नदी आहे? मंग असं कर. पहाटेची थंडी वाजली का नदीत उतर. छातीएवढ्या पाण्यात उभा राह्य. बापाले पाह्यलं नाई का तू? पाणी गरम राह्यते."

मी बाजूलेच होतो. मलेही ते पटलं. विक्कीलेही पटलं. आम्ही तिघंही इथलेच, आम्हाले दुसरं काय सुचणार?

पुढच्या बाजाराले निकेशचा फोन आला नाई. भलत्याच माणसाचा आला, अन् तो हिंदीत बोलून राह्यला होता. विक्कीनं ऐकलं अन् त्याचं तोंड पडलं. निकेश पहाटे नदीत उतरला, काही पावलातच पाय बधिर झाले अन् पडला. संगच्या पोरायनं ओढून काढला. दवाखान्यात आहे, जिवाले धोका नाई. पण साहेबाले वाटलं पोरगा जीव द्यायले गेला होता, म्हणून चौकशी लागली. पोरगा सारखं एकच सांगते, माँ ने बोला था. तो माणूस विचारत होता, "आपने सच में बोला था क्या?"

रंभाबाईनं फोन घेतला. "हौ," ती म्हणाली. "मीनंच बोला था." अन् रिसीव्हर विक्कीच्या हातात देऊन खालीच बसली. त्या दिवशी तिची मासोळी तशीच टोपल्यात राह्यली, मीच शेजारच्या बाईले विकायले लावली.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते डोमाभाऊनं मले सांगितलं. हा न बोलणारा माणूस स्वतःहून दुकानात आला, यावरून समजून घ्या. पहाटेच रंभाबाई घरून उठून तलावावर गेली अन् लुगड्यासकट पाण्यात उतरली. डोमा मागं धावत गेला. ती गळ्यापर्यंत पाण्यात उभी, अन् मोठ्यानं रडून राह्यली होती. "इथी तर गरम आहे गा! इथी तर गरमच आहे! मी खोटं नाई सांगितलं पोराले!" डोमाही उतरला अन् तिच्या बाजूले उभा राह्यला. किती वेळ, ते त्याले आठवत नाई.

निकेश बरा झाला, पण तोवर लेहच्या रस्त्यावरची डोंगरातली खिंड बर्फानं बंद पडली. आता वैशाखापर्यंत ना येणं ना जाणं. त्याचा एक फोन आला, बरा आहो म्हणाला, अन् पुढं लाईनच मिळेना. पळून यायचा रस्ताच बंद झाला होता, म्हणून म्हणा, पोरगा तिथी राह्यला.

अन् इथून सुरू झाला रंभाबाईचा हिवाळा.

दर बाजाराले ती माह्या दुकानात येई. पहिले टोपलं ठेवी, मग विचारे, "आता किती?" मी पुस्तक काढून सांगे, "डिसेंबर, उणे सहा." दुसऱ्या बाजाराले पुन्हा, "आता किती?" मी चिडायचो. "अव बाई, महिना तोच आहे, आकडाही तोच आहे! पुस्तकातला आकडा का रोज वाढते?" पण ती ऐकते का? आकडा ऐकल्याशिवाय तिची पहिली मासोळी विकायले निघत नसे. शेवटी दामिनीनं दुसरं पुस्तक मागून घेतलं अन् आपलं दुकानालेच देऊन टाकलं.

जानेवारी लागला. मी उणे आठ म्हटलं. ती म्हणाली, "मुखरूभाऊ, तू म्हटला होता सरासरी म्हणजे मधलं. मंग कधी आठच्याही खाली जात असन न?"

"जात असन."

"अन् ते रातीच जात असन."

"रातीच."

"मंग माहा पोरगा तवाच जागा असन," ती म्हणाली. मी कात्री खाली ठेवली. एवढी वर्षं मापं काढतो मी, पण मले त्या आकड्यात पोरगा दिसला नव्हता. तिले पहिल्यापासून तोच दिसत होता.

त्या महिन्यात तिनं घरात गोधडी घेतली नाई. दिव्यानी रागावली, डोमा रागावला, मीही रागावलो. "तू इथी कुडकुडली तर तिथी पोराले गरम होते का?" ती म्हणे, "नाई होत. मले ठाऊक आहे. पण मले झोप नाई येत पांघरून." शहाण्या माणसानं अशा बाईच्या नादी लागू नये. मी उगाच दोन बाजार बोललो नाई तिच्याशी, मग मलेच करमेना.

मार्चले शून्याच्या जवळ आलं. एप्रिल लागला अन् मी मोठ्यानं वाचलं, "सहा! वरचे सहा, खालचे नाई!" बाई उभी राह्यली अन् तिथल्या तिथी टोपल्यातली सगळ्यात मोठी मरळ उचलून माह्या टेबलावर ठेवली, शिवायच्या कापडावर! गिऱ्हाइकाच्या सफारीले मासोळीचा वास लागला. त्यानं मले काय काय ऐकवलं ते इथी नाई सांगत.

मे महिन्यात खिंड उघडली अन् निकेश सुट्टीवर आला. वाळला होता, गालाची कातडी सोललेली, पण खांदे रुंद झालेले. आल्या आल्या त्यानं सांगून टाकलं, "मी वापस जात नाई." सुट्टी संपायच्या आत हजर झाला नाई तर नाव कटणार, हेही त्यानंच सांगितलं.

मले वाटलं रंभाबाई त्याले फाडून खाईन. पण ती म्हणाली, "नको जाऊ बाबू. तलाव आहे आपला." पोराले मरणाच्या दारात आपणच ढकललं, हे तिच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. ज्या नोकरीसाठी तिनं सगळं केलं, तीच ती आता एका शब्दात सोडून द्यायले तयार झाली.

मी मात्र भडकलो. निकेश दुकानात आला तवा त्याले धारेवर धरलं. "सरकारी नोकरी का झाडाले लागते रे? एक हिवाळा तर काढला!" तो हसला अन् मशीनच्या बाजूले बसला. मग बोलायले लागला. बर्फ कसा पडते, रस्ता कुठी आहे तेही दिसत नाई, तवा डोझर कसा चालवायचा, दरीकडची बाजू कुठी ठेवायची, सकाळचं पहिलं वाहन आपण साफ केलेल्या रस्त्यानं निघालं का ड्रायव्हर कसा हात दाखवते. तासभर बोलत होता. तलावाचं एक अक्षर नाई. नाई जात म्हणते, अन् बोलते तर तिथलंच! मी मनात म्हटलं, या पोट्ट्याचं काहीतरी वेगळंच आहे.

नवतपा लागला. आमच्याकडचा नवतपा ज्यानं पाह्यला नाई त्याले काय सांगू? मे संपताना सूर्य असा तापते, का दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाई. निकेश बापासंग तलावात गेला. तलाव आटून गुडघाभर उरलेला, चिखलात हातानं मासोळ्या धरायच्या. लहानपणापासून त्यानं हेच काम याच उन्हात केलं होतं. पण त्या दिवशी दुपार व्हायच्या आतच पोरगा चिखलात कोसळला. डोमानं त्याले खांद्यावर घरी आणला.

निरोप आला तसा मी सायकल काढून गेलो. डॉक्टर सुई देऊन गेला होता. ऊन लागलं होतं. अंग तव्यासारखं. रंभाबाईनं तळपायाले कांद्याचा रस चोळला, कैरीचं पन्हं चमच्यानं पाजलं, ओल्या लुगड्यात गुंडाळलं अन् सुपानं वारा घालत बसली. पोरगा तापात बडबडत होता, अन् तेही हिंदीत. "सीधा ले, सीधा ले... बाएँ दरी है... रुक, गाड़ी आने दे..." मधी मधी हसत होता.

"काय म्हणते गा हा?" तिनं मले विचारलं.

"रस्ता साफ करून राह्यला," मी म्हटलं.

ती वारा घालत राह्यली, पोराच्या तोंडाकडे पाहत. मग म्हणाली, "आपल्या घरात आजपर्यंत कोणाले ऊन नाई लागलं, मुखरूभाऊ. माह्या बापाले नाई, याच्या बापाले नाई. यालेच कसं लागलं?" तिलेच कळलं होतं, अन् तिचे डोळे भरून आले.

दोन-तीन दिवसात पोरगा उठून बसला. रंभाबाईनं त्याच्यापुढं भाताची पेज ठेवली अन् सरळ विचारलं, "खरं सांग. तुले जायचं आहे का नाई?"

निकेशनं पेज बाजूले सारली. "तू गोधडी घेत नव्हती म्हणे हिवाळाभर. दिव्यानीनं सांगितलं. मी पुन्हा गेलो तर पुन्हा तसंच करशील."

"म्हणजे तू माह्यासाठी नाई म्हणून राह्यला? अन् मी तुह्यासाठी!" ती ओरडली. "दोघंही येडे आहोत का आपण?" मग तिनं पोराच्या पाठीत एक धपाटा घातला, आजारी आहे हे विसरून. "मी गोधडी घेईन. दोन घेईन. तू जाय!"

सुट्टी संपायच्या आत आम्ही सगळे बसस्टॉपवर जमलो. सकाळची वेळ, तरी ऊन मी म्हणत होतं. डोमानं पोराची पेटी वर चढवली. निकेश मायच्या पाया पडला, अन् तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातात धरून ठेवला. रडली नाई. मीच तोंड फिरवलं, मले राहवेना.

कंडक्टर नवा होता, त्याले आमच्यातलं काही ठाऊक नव्हतं. तिकिटाची पेटी काखेत घेऊन त्यानं विचारलं, "काय व बाई, पोरगा कुठी चालला?"

रंभाबाईनं पदरानं घाम पुसला.

"घरी चालला," ती म्हणाली. "आमच्याकडं पाहुणा आला होता."